खोकला दोन आठवड्यांनंतरही थांबत नाही? मग हवापालट नको, तपासणी करा; पाचगणीच्या इतिहासातून समजून घ्या

'चार दिवस हवापालट करून ये, बरं वाटेल.' खोकला लांबला, अंग बारीक झालं, संध्याकाळी कणकण येऊ लागली की घरातलं कुणीतरी हा सल्ला देतंच. सातारा, पुणे, मुंबईकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर अशा वेळी पहिलं नाव येतं ते पाचगणीचं.

या सल्ल्यामागे मोठा इतिहास आहे. पाचगणी आज टेबललँड, स्ट्रॉबेरी आणि बोर्डिंग शाळांसाठी ओळखली जात असली, तरी एके काळी क्षयरोगाचे म्हणजे टीबीचे रुग्ण इथे मोठ्या आशेने यायचे. थंड, कोरडी, स्वच्छ हवा हाच तेव्हा मोठा उपचार मानला जायचा.

पण हवेने टीबी खरंच बरा व्हायचा का? आजही लांबलेल्या खोकल्यावर हवापालट करणं योग्य आहे का? साधा खोकला कुठे संपतो आणि काळजीचा खोकला कुठून सुरू होतो? या प्रश्नांची उत्तरं सोप्या भाषेत समजून घेऊया.

पाचगणीत सॅनेटोरियम का आलं?

सॅनेटोरियम म्हणजे दीर्घ आजाराच्या, विशेषतः टीबीच्या रुग्णांना अनेक महिने ठेवून घेणारं आरोग्यधाम. ही कल्पना युरोपातली. हर्मन ब्रेमर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५० च्या दशकात आजच्या पोलंडमधल्या डोंगराळ भागात असं आरोग्यधाम सुरू केलं. डोंगरातली हवा, भरपूर खाणं, ठरावीक विश्रांती आणि डॉक्टरांची देखरेख हा तिथला उपचार होता. पुढे ही पद्धत जगभर पसरली.

पाचगणी साधारण १३०० मीटर उंचीवर आहे. ब्रिटिश अधिकारी उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचे, पण पावसाळा सुरू झाला की तिथे राहणं अशक्य व्हायचं. तिथून जेमतेम १८-२० किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत पाऊस त्या मानाने बराच कमी पडतो. त्यामुळे वर्षभर राहता येईल असं ठिकाण म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली पाचगणी वसवण्यात आली. हवा चांगली म्हणून आधी निवृत्त अधिकारी आले, मग शाळा आल्या आणि त्यानंतर रुग्णही येऊ लागले.

डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीत 'बेल-एअर' हे टीबी रुग्णांसाठीचं सॅनेटोरियम सुरू केलं. १९६४ मध्ये ते इंडियन रेड क्रॉस सोसायटीकडे गेलं. पुढे एचआयव्हीबाधितांवरच्या उपचारांसाठीही हे रुग्णालय ओळखलं जाऊ लागलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, सांगली आणि मिरजेच्या मध्ये असलेल्या वानलेसवाडीतही टीबीचं सॅनेटोरियम होतं. मिरजेतल्या मिशन रुग्णालयाचे संस्थापक डॉ. विल्यम वानलेस यांचंच नाव या वाडीला मिळालं आहे.

पाचगणीच्या हवेची ख्याती फक्त टीबीपुरती नव्हती. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यानंतर महात्मा गांधीही प्रकृती सुधारण्यासाठी काही काळ इथे राहिले होते.

औषधं नव्हती तेव्हा काय व्हायचं?

महाराष्ट्राच्या इतिहासात टीबीने अकाली नेलेली माणसं अनेक आहेत. थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला गेले, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांना २२ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आनंदीबाईंच्या मृत्यूच्या पाचच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी टीबी एका जिवाणूमुळे होतो हे जाहीर केलं होतं. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. कारण कळलं, पण त्यावरचं औषध मिळायला आणखी ६० वर्षं लागली. त्या मधल्या काळात डॉक्टरांच्या हातात विश्रांती, खुराक आणि हवा एवढंच होतं. सॅनेटोरियम उभी राहिली ती याच गरजेतून.

औषध नसताना हा आजार किती घातक होता? बेडक्यात टीबीचे जंतू सापडलेल्या, पण उपचार न मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के रुग्ण १० वर्षांत दगावायचे, असं त्या काळातल्या नोंदींचे अभ्यास सांगतात.

मग हवेने लोक बरे कसे व्हायचे?

वरचा आकडा उलटा वाचला तर उत्तराचा एक भाग मिळतो. काही रुग्ण औषधाशिवायही वाचायचे. त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंना रोखून धरायची. असा माणूस त्या काळात डोंगरावर राहत असेल, तर श्रेय साहजिकच डोंगराच्या हवेला जायचं.

दुसरं कारण म्हणजे सॅनेटोरियममध्ये कोण पोहोचायचं हे. महिनोन्‌महिने काम सोडून राहणं आणि त्याचा खर्च करणं प्रत्येकाला शक्य नव्हतं. तिथे पोटभर अन्न आणि पूर्ण विश्रांती मिळायची. गिरणीत पाळी करून एका खोलीत दहा जणांबरोबर राहणाऱ्या माणसाला यातलं काहीच मिळत नसे. म्हणजे फरक नुसता हवेचा नव्हता, परिस्थितीचाही होता.

सॅनेटोरियमचा एक फायदा मात्र नक्की होता. खोकणारा रुग्ण गर्दीच्या घरापासून दूर गेला की घरातल्या इतरांना, विशेषतः लहान मुलांना होणारा संसर्ग टळायचा.

खाटेपेक्षा गोळी महत्त्वाची: मद्रासचा प्रयोग

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. टीबीवर खरोखर चालणारं हे पहिलं प्रतिजैविक. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त आणि गोळीच्या रूपात घेता येणारं औषध आलं. एकच औषध दिलं तर जंतू लवकर त्याला दाद देईनासे होतात, हेही याच काळात लक्षात आलं. त्यामुळे एकाच वेळी दोन-तीन औषधं देण्याची पद्धत सुरू झाली.

पण भारतापुढचा प्रश्न वेगळा होता. रुग्ण लाखोंच्या संख्येने आणि सॅनेटोरियमच्या खाटा मोजक्या. गोळ्या घरी दिल्या तर चालेल का?

याचं उत्तर शोधण्यासाठी १९५६ मध्ये मद्रासमध्ये म्हणजे आजच्या चेन्नईत एक केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिथलं राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा एकत्रित प्रकल्प होता. शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या १९३ रुग्णांचे दोन गट पाडले गेले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला घरीच. औषधं दोघांना सारखीच आणि वर्षभर. घरी राहिलेल्यांना जेवण कमी सकस मिळालं, विश्रांती कमी मिळाली आणि घरंही दाटीवाटीची होती.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतल्या बहुतेक रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता आणि दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. रुग्ण घरी राहिल्यामुळे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. कारण घरच्यांना जो संसर्ग व्हायचा, तो बहुतेक वेळा निदान आणि औषधं सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असायचा.

या एका अभ्यासाने जगभरातल्या टीबीच्या उपचारांची दिशा बदलली. सॅनेटोरियम हळूहळू बंद झाली किंवा त्यांची साधी रुग्णालयं झाली. उपचार डोंगरावरून उतरून गावातल्या आरोग्य केंद्रात आला.

आज लांबलेल्या खोकल्यासाठी हवापालटाचा सल्ला देताना हीच गोष्ट लक्षात ठेवायला हवी. टीबी असेल तर पाचगणीत घालवलेला महिना हा उपचाराविना गेलेला महिना असतो. त्या महिन्यात फुप्फुसाचं नुकसान वाढतं आणि बरोबर राहणाऱ्यांना संसर्गही होऊ शकतो.

मोकळ्या हवेचा काहीच उपयोग नाही का?

आहे, पण तो संसर्ग रोखण्यासाठी.

फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म थेंब हवेत जातात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहू शकतात. खिडक्या उघड्या असतील, हवा आरपार खेळत असेल, तर ते पटकन विरळ होतात. म्हणून खोलीच्या समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार उघडं ठेवणं हा बिनखर्चाचा आणि उपयोगी उपाय आहे. थंडीच्या दिवसांत घर, वर्ग किंवा वसतिगृहाच्या खोल्या पूर्ण बंद केल्या जातात, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा. सर्दी, फ्लू आणि कोविडसाठीही हाच नियम लागू आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. एका ताटात जेवल्याने, भांडी किंवा कपडे वापरल्याने, हात मिळवल्याने फुप्फुसाचा टीबी पसरत नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळं काढून त्याच बंद खोलीत सगळे झोपत असतील, तर नको त्या गोष्टीची काळजी आणि हवी त्या गोष्टीकडे दुर्लक्ष, असंच होतं.

साधा खोकला असेल तर काय कराल?

प्रत्येक खोकला म्हणजे टीबी नव्हे. बहुतेक खोकले सर्दीच्या विषाणूंमुळे होतात आणि आपोआप बरे होतात. ताप आणि नाक वाहणं काही दिवसांत थांबतं, खोकला मात्र थोडा जास्त रेंगाळतो. या काळात पुढच्या गोष्टी उपयोगी पडतात:

- भरपूर पाणी, गरम सूप, पेज असे पातळ पदार्थ घ्या. कोमट पाणी आणि मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम मिळतो.
- मधाने खोकल्याची उबळ कमी होते. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका. त्याने गंभीर विषबाधा होऊ शकते.
- हळदीचं दूध, आल्याचा चहा घ्यायला हरकत नाही. त्याने बरं वाटतं, पण तो औषधांना पर्याय नाही.
- वाफ घेताना उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका असतो. लहान मुलांना वाफ देऊ नका.
- विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर टाळा.

आणि या गोष्टी टाळा:

- मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. विषाणूंवर ती चालत नाहीत. काही अँटिबायोटिक टीबीच्या जंतूंवर थोडीफार परिणाम करतात. त्यामुळे तात्पुरतं बरं वाटतं, आजार दबतो आणि निदान लांबतं.
- मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते.
- लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कफ सिरप देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची अशी औषधं देऊच नयेत, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली आहे.

दोन आठवड्यांचाच नियम का?

साधा खोकला बहुतेकांना दोन आठवड्यांत उतरणीला लागतो. त्यानंतरही थांबत नसेल, तर कारण शोधायला हवं. ते टीबीच असेल असं नाही. दमा, ॲलर्जी, ॲसिडिटी, धूम्रपानामुळे फुप्फुसाची झालेली हानी, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांमुळेही खोकला रेंगाळतो. पण आपल्या देशात पहिल्यांदा टीबी नाही याची खात्री करून घेणं शहाणपणाचं आहे. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत.

म्हणून खोकला सुरू झाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. 'कधीपासून आहे?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला 'झाले असतील थोडे दिवस' असं उत्तर देणाऱ्याचे थोडे दिवस अनेकदा दीड-दोन महिने असतात.

खोकल्यासोबत यातलं काही दिसत असेल तर दोन आठवडेही थांबू नका:

- बेडक्यात रक्त दिसणं
- रोज संध्याकाळी येणारा बारीक ताप
- रात्री झोपेत घाम येणं
- भूक मंदावणं आणि कारण नसताना वजन घटणं
- छातीत दुखणं

मधुमेह असलेल्यांना टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो. एचआयव्हीबाधित, कुपोषित, दारू किंवा तंबाखूचं व्यसन असलेले आणि घरात टीबीचा रुग्ण असलेले यांनीही जास्त सावध राहावं. लहान मुलांमध्ये खोकला ठळक नसतो. वजन न वाढणं, सतत किरकिर करणं, मानेत गाठी येणं ही लक्षणं असू शकतात. टीबी फुप्फुसाबाहेर, म्हणजे मणका, मेंदू, आतडी, गाठी अशा कुठल्याही भागात होऊ शकतो.

लोक खरंच दुर्लक्ष करतात का? २०१९ ते २०२१ दरम्यान देशात टीबीचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. टीबीची लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोकांनी उपचारच घेतलेले नव्हते. सगळ्यात मोठं कारण होतं लक्षणांकडे केलेलं दुर्लक्ष. पैसे नाहीत म्हणून गेलो नाही, असं सांगणारे फार थोडे होते.

तपासणी कशी होते?

तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मोफत होते. सुरुवात बेडक्याच्या तपासणीने होते. इथे एक छोटीशी गोष्ट महत्त्वाची आहे. तोंडातली लाळ देऊन उपयोग नाही. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून बेडका काढायचा. शक्यतो सकाळी उठल्यावरचा द्यायचा. आणि नमुना उघड्यावर, लोकांपासून दूर उभं राहून काढायचा.

पूर्वी बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जंतू शोधायचे. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट या चाचण्या जंतूंचा जनुकीय अंश शोधतात. काही तासांत निकाल मिळतो आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूंवर चालेल की नाही हेही कळतं. यातली ट्रूनॅट चाचणी गोव्यातल्या कंपनीने विकसित केली आहे. सोबत छातीचा एक्स-रे काढतात. काही रुग्णांना खोकला नसतानाही एक्स-रेमध्ये आजार दिसतो.

खाजगी डॉक्टरांकडे निदान झालं तरी रुग्णाची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली म्हणजे नाव जाहीर होतं असं नाही. नोंद झाल्यामुळेच मोफत औषधं आणि आर्थिक मदत मिळते. अधिक माहितीसाठी १८००-११-६६६६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

औषधं सुरू झाल्यावर

नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं एकत्र, आणि त्यानंतर चार महिने तीन औषधं. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते आणि त्या रोज घ्यायच्या असतात.

खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यात असते. तोवर ताप गेलेला असतो, भूक परत येते, खोकला थांबतो. 'आता बरं वाटतंय, कशाला एवढ्या गोळ्या?' असं वाटू लागतं. पण शरीरात चिवट जंतू शिल्लक असतात. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो आणि जंतू औषधांना न जुमानणारे होऊ शकतात. तो टीबी बरा करणं जास्त अवघड असतं. त्यामुळे बरं वाटणं आणि बरं होणं यांत चार महिन्यांचं अंतर आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लालसर होते. घाबरायचं कारण नाही. पण डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, पोटात उजवीकडे दुखणं, नजर अंधूक होणं किंवा रंग ओळखता न येणं, हातापायांना मुंग्या येणं, अंगावर पुरळ येणं यातलं काही झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिलांनीही सांगायला हवं, कारण रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

घरच्यांनी काय करायचं?

योग्य औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याचा धोका बराच कमी होतो. तोवर रुग्णाने मास्क वापरावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, शक्यतो वेगळ्या आणि हवेशीर खोलीत झोपावं. बेडका झाकणाच्या डब्यात टाकावा, रस्त्यावर किंवा अंगणात थुंकू नये.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. टीबी नाही याची खात्री झाल्यावर त्यांना प्रतिबंधक औषधं दिली जातात. टीबीचा जंतू शरीरात शिरलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांमध्ये जंतू झोपून राहतो. प्रतिबंधक औषधं या झोपलेल्या जंतूसाठी असतात. बाळाला जन्मानंतर दिली जाणारी बीसीजी लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीपासून मात्र तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

आणि रुग्णाला वाळीत टाकू नका. 'मुलीला टीबी आहे हे कळलं तर लग्न जमणार नाही' या भीतीने कित्येक घरांत आजार लपवला जातो, गोळ्या लपूनछपून घेतल्या जातात आणि शेवटी बंद होतात. पूर्ण उपचार घेतलेली व्यक्ती लग्न करू शकते, नोकरी करू शकते, आई होऊ शकते.

खुराकाचं काय?

सॅनेटोरियममधली एक गोष्ट मात्र काळाच्या कसोटीवर टिकली. ती म्हणजे पोटभर सकस जेवण. औषधांशिवाय ते अपुरं होतं, पण औषधांसोबत ते जीव वाचवतं.

झारखंडमध्ये झालेल्या 'रेशन्स' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. टीबी रुग्णांच्या घरच्यांना जास्तीचं धान्य, डाळ असा शिधा दिल्यावर त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. उपचाराच्या सुरुवातीलाच ज्यांचं वजन वाढलं, त्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाणही कमी दिसलं.

त्यासाठी महागड्या पावडरींची गरज नाही. भाकरी, डाळ, उसळी, शेंगदाणे, अंडी, दूध, दही, जमेल तसं मांस-मासे आणि ऋतूतली भाजी-फळं पुरेशी आहेत. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून उपचाराच्या काळात रुग्णाच्या खात्यात पैसे जमा होतात. २०१८ मध्ये ही रक्कम महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली. नोंद करताना बँक खात्याची माहिती द्यायला विसरू नका.

रुग्णालयात तातडीने कधी जायचं?

खोकल्यातून जास्त रक्त पडणं, धाप लागणं, ओठ निळसर होणं, तापात मान आखडणं किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही झालं तर वाट पाहू नका. लहान मुलाचा श्वास जोरात चालत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा ते दूध पीत नसेल, तरीही थेट रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

मग पाचगणीला जायचंच नाही का?

जरूर जा, पण क्रम बदला. आधी तपासणी. टीबी निघाला तर आधी औषधं. बेडक्यात जंतू असताना बंद काचांच्या गाडीतून पसरणी घाट चढणं म्हणजे शेजारी बसलेल्यांना धोक्यात टाकणं आहे. धाप लागत असेल तर प्रवासच नको.

औषधांनी आजार आटोक्यात आला, डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असं सांगितलं, की चार दिवस मोकळ्या हवेत घालवायला काहीच हरकत नाही. मन ताजं होतं, भूक लागते, झोप चांगली लागते. फक्त जितके दिवस राहणार तितक्या दिवसांच्या गोळ्या, आणि वर दोन-चार दिवसांच्या जादा, बॅगेत आहेत ना एवढं निघण्याआधी मोजून घ्या.